दोन मुलगे आणि घरचं देणं : ‘श्यामची आई’ व ‘कोसला’ यांच्या तुलनेचं एक प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कला महाविद्यालय. मराठी विभागात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प असतो. साठेक पानांचा मजकूर लिहायचा, मार्गदर्शक विभागातलेच, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मौखिकी. एका विद्यार्थिनीनं विषय दिला : ‘श्यामची आई आणि कोसला : एक तौलनिक अभ्यास’. विभागानं तो जसाच्या तसा मंजूर केला आणि पुढच्या अर्ध्याअधिक अडचणी तिथूनच सुरू झाल्या. शीर्षकात दोन पुस्तकांची नावं होती, प्रश्न कुठंच नव्हता. ज्या प्रकल्पाला प्रश्न नसतो, तो पानं भरत जातो आणि भरली की थांबतो.

विद्यार्थिनीचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर, परत येणं उन्हाळ्यात. घरी आजी आणि ती. ही माहिती इथं उगाच दिलेली नाही. तुलनेचा धागा शेवटी तिथूनच सापडला, आणि एका ठिकाणी त्याच धाग्यानं तिला चकवलंही.

पहिला खर्डा

पहिला खर्डा भरगच्च होता. सुरुवातीला साने गुरुजींचं चरित्र, मग ‘कोसला’चे लेखक भालचंद्र नेमाडे यांचं चरित्र, मग दोन्ही पुस्तकांची कथानकं, मग ‘साम्य’ आणि ‘भेद’ अशा दोन याद्या. मध्येच गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५-९६) सुरू होणारा घडणीच्या कादंबरीचा, म्हणजे मूल मोठं होत जाण्याची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीचा इतिहास, पुढच्या मजकुराशी काडीचा संबंध नसलेला. साम्याच्या यादीत ‘दोन्ही नायक खेड्यातले’, ‘दोघांचंही घरावर प्रेम’, ‘दोघांनाही मृत्यूचं दुःख भोगावं लागतं’ अशी वाक्यं. भेदाच्या यादीत ‘श्याम आदर्शवादी, पांडुरंग (‘कोसला’चा नायक) निराशावादी’.

यातलं एकही वाक्य धड खोटं नाही, आणि एकानंही हाती काही लागत नाही. ‘दोन्ही नायक खेड्यातले’ हे मराठीतल्या शेकडो कादंबऱ्यांबद्दल म्हणता येईल. तुलनेतलं वाक्य कामाचं आहे की नाही हे बघायची एक साधी कसोटी आहे. दोन पुस्तकांपैकी एकाचं नाव खोडून तिसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाचं घाला. वाक्य तरीही खरं राहत असेल तर ते काढून टाका. या कसोटीवर साम्याची अख्खी यादी गेली. भेदाच्या यादीतली दोन-तीन वाक्यं तेवढी उरली.

चरित्राच्या पानांचंही तेच झालं. लेखकाच्या आयुष्यातली जी गोष्ट पुस्तकाच्या घडणीत दिसते तेवढी ठेवायची. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली गेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिली त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं साने गुरुजींनीच उतरवून घेतली होती. रोज जमणारे श्रोते आणि त्यांच्यापुढे बोलणारा एक जण, हा साचा त्यांच्या कानात तेव्हापासून असणार, असं म्हणायला जागा आहे. ‘कोसला’ १९६३ साली आली. लेखक तेव्हा पंचविशीत होता आणि पुस्तकातला पांडुरंगही स्वतःचं वय पंचवीसच सांगतो. एवढं पानभरात बसतं. नेमाडे पुढे औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात शिकवत होते, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सांगावंसं वाटतं आणि ते साहजिकही आहे, पण ‘कोसला’ समजायला त्याचा उपयोग नाही. ते गेलं.

‘श्यामची आई’ कादंबरी आहे का?

हा प्रश्न मौखिकीत येणारच होता, म्हणून तो आधीच घेतला. पुस्तक ‘रात्री’ नावाच्या बेचाळीस भागांत आहे. आश्रमात राहणारा मोठा झालेला श्याम सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. प्रत्येक रात्र स्वतःपुरती पूर्ण. सलग कथानक असं नाही. शिवाय आठवणी लेखकाच्या स्वतःच्या घरातल्या. मग कादंबरी म्हणायचं की आत्मकथा?

विद्यार्थिनीनं आधी दोन पानं खर्चून ती कादंबरीच असल्याचं ‘सिद्ध’ केलं होतं. मार्गदर्शकांनी ती पानं काढायला लावली, कारण असं काही सिद्ध होत नसतं आणि तुलनेला त्याची गरजही नाही. नेमकी गोष्ट एवढीच : पुस्तकात सांगणाऱ्याचं नाव श्याम आहे, पांडुरंग सदाशिव साने नव्हे, त्याला श्रोते दिले आहेत, आणि रात्रींचा क्रम हेतूनं लावलेला आहे. सहाव्या रात्री पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाची गोष्ट चाळिसाव्या रात्री आईच्या शेवटच्या निरवानिरवीपर्यंत येते. म्हणजे एक मुलगा वाढतो, आणि कुणीतरी ठरवून ती वाढ रचलेली आहे. तुलनेसाठी एवढं पुरे. (साने गुरुजींचं नावही पांडुरंगच, हा योगायोग विद्यार्थिनीला फार मोलाचा वाटला होता. तो योगायोगच आहे.)

चार रकान्यांचा तक्ता

प्रसंग निवडण्याआधी मार्गदर्शकांनी तिला एक तक्ता आखून दिला. वहीचं पान आडवं धरायचं, चार रकाने. पहिल्यात प्रसंग एका ओळीत. दुसऱ्यात त्या वेळच्या मुलाला काय वाटलं. तिसऱ्यात आता सांगणारा त्याबद्दल काय म्हणतो. चौथ्यात तो कुणाला सांगतोय. अट एकच : प्रत्येक रकान्यासाठी पुस्तकातलं वाक्य दाखवता आलं पाहिजे. ‘असं वाटत असणार’ चालणार नाही.

वाचनाचाही क्रम ठरवून दिला. पहिलं वाचन पेन्सिल न घेता, दोन्ही पुस्तकं लागोपाठ, शक्य तितक्या लवकर. दुसऱ्या वाचनात तक्ता भरायचा. तिसरं वाचन फक्त निवडलेल्या पानांचं, तेही मोठ्यानं. मोठ्यानं वाचायचा फायदा ‘कोसला’त लगेच कळतो. पांडुरंगाचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ डोळ्यांनी वाचताना लकब वाटते. तोंडानं म्हटलं की कुठल्या जागी तो चिडून बोलतोय आणि कुठं दुःख झाकतोय हे कानाला समजतं. हे शब्द किती वेळा आले ते मोजत बसण्यात मात्र विद्यार्थिनीचे बरेच दिवस गेले, आणि त्या मोजणीतून पाव पानही निघालं नाही.

‘श्यामची आई’चा तक्ता भराभर भरला. बारावी रात्र, पोहण्याची. प्रसंग : पाण्याला भिऊन माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारत खाली आणते आणि विहिरीवर पाठवते. तेव्हाचा मुलगा : आईला माया नाही. आताचा सांगणारा : लोकांनी मला भित्रा म्हणू नये म्हणून ती कठोर झाली. कुणाला : आश्रमातल्या सोबत्यांना. एकोणतिसावी रात्र, पुस्तकांसाठी केलेल्या चोरीची : चारही रकाने भरले. अठरावी, अळणी भाजीची : भरले. जवळपास प्रत्येक रात्री तिसऱ्या रकान्यात काहीतरी ठाम वाक्य सापडतंच.

‘कोसला’च्या तक्त्यात तिसरा रकाना रिकामा राहू लागला. पुण्यातलं वसतिगृह, तिथली पदं आणि निवडणुका, मेसचा कारभार अंगावर घेऊन झालेलं नुकसान, मित्रांवर उधळलेले पैसे. पांडुरंग सगळं तपशिलानं सांगतो, स्वतःची टरही उडवतो, पण ‘यातून मी हे शिकलो’ असं कुठंच म्हणत नाही. तिसऱ्या रकान्यात घालायला विद्यार्थिनीला विनोद सापडत होते, निकाल सापडत नव्हता. चौथ्या रकान्याचीही तीच गत. श्यामपुढे बसलेली माणसं आहेत. पांडुरंग ज्यांना ‘तुम्हाला’ म्हणतो ते कोण, हे पुस्तक सांगत नाही.

तिला वाटलं, आपलंच वाचन कमी पडलं. ती तक्ता घेऊन विभागात आली.

“सर, ह्याचं काहीच कळंना. रकाने भरंनातच.”

“भरंना तर नको भरू. कुठं-कुठं मोकळे ऱ्हायले तेवढं दाखव.”

मोकळे रकाने हाच या प्रकरणातला पहिला खरा शोध. घडणीच्या कादंबरीत वाचक मुलाची वाढ बघतो ती सांगणाऱ्याच्या आत्ताच्या जागेवरून. श्यामची ती जागा पक्की आहे. तो चांगला माणूस झाला आहे, आश्रमात आहे, लोक त्याचं ऐकायला बसतात. तो घडला याचा पुरावा म्हणजे तो सांगतोय हेच. म्हणून लहानपणच्या चुकाही निर्धास्त सांगता येतात. पांडुरंगाची सांगायची जागाच डळमळीत आहे. शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परतलाय, उद्योग नाही, आणि घडलेल्या गोष्टींपासून जेमतेम काही वर्षं दूर आहे. अशा ठिकाणी उभा राहून तो धडा सांगू लागला असता तर खोटा पडला असता. आठवणींमधून तो मध्येच रोजनिशीत जातो. एके ठिकाणी भविष्यातल्या इतिहाससंशोधकांचा आव आणून आजच्या काळावर गंभीर चेहऱ्यानं टीपा दिल्या जातात. हे सगळे निकाल टाळायचे मार्ग आहेत.

‘आदर्शवादी’ आणि ‘निराशावादी’ ही लेबलं इथं आपोआप गळून पडली. दोघांच्या स्वभावात फरक असेलही. पुस्तकांत दिसणारा फरक मात्र आधी सांगणाऱ्याच्या जागेचा आहे. पात्रांची तुलना करण्याआधी सांगणाऱ्यांची तुलना करायची, हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं घसरतं.

“मला पांडुरंग आवडंना”

दुसरा पेच आवडीनिवडीचा होता. विद्यार्थिनीच्या लिखाणात श्यामबद्दल जिव्हाळा आणि पांडुरंगाबद्दल राग, दोन्ही ओळीओळीत दिसायचं. एकदा तिनं ते बोलूनच टाकलं : “सर, मला पांडुरंग आवडंना. बाप घरून पैशे पाठवतोय अन् हा उडवायलाय.”

अशा वेळी ‘अभ्यासकानं तटस्थ राहावं’ असं सांगून राग पुसायला लावणं सोपं असतं. त्यानं मजकूर गुळगुळीत होतो आणि विद्यार्थ्याकडे असलेली एकमेव खरी गोष्ट जाते. मार्गदर्शकांनी उलट केलं. राग कशावर आहे? पैशावर. मग दोन्ही पुस्तकांत पैसा कुठं येतो, कुठून येतो, कुणाच्या हातातून जातो आणि गेल्यावर कुणावर काय बेततं, एवढंच वेगळ्या कार्डांवर काढ. पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं, एका कार्डावर एकच व्यवहार, कोपऱ्यात रात्रीचा किंवा भागाचा आकडा.

कार्डं पसरली तसा प्रकल्पाला प्रश्न मिळाला : घरच्या पैशाचं नातं मुलाच्या घडण्याशी काय आहे?

‘श्यामची आई’त पैसा आधी चिल्लर रूपात येतो. सव्विसाव्या रात्री श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून नेतो. आणे साठतात आणि त्यांची माया होते. मोठा पैसा उशिरा दिसतो आणि दिसतो तो कर्ज म्हणूनच. बत्तिसाव्या रात्रीपासून सदतिसाव्यापर्यंतच्या रात्री सलग वाचल्या तर हे एका घराच्या बुडण्याचं प्रकरण आहे. सावकाराचा माणूस ओटीवर बसून वडिलांना वाटेल ते बोलतो आणि आतून आई बाहेर येऊन त्याला ओटीवरून उठायला सांगते. पुढे घरात तेल आहे तर मीठ नाही अशी दशा, आणि शेवटी जप्तीची दवंडी. लगेच अडतिसावी रात्र : आईचा शेवटचा आजार. हा क्रम फार बोलका आहे. कर्ज काढलं वडिलांनी, ते अंगावर घेतलं आईनं. पुस्तक हे कुठंही असं उघड म्हणत नाही. रात्री ज्या क्रमानं लावल्यात त्यातून ते येतं. पहिल्या खर्ड्यात यातलं एक अक्षर नव्हतं, कारण शाळेपासून आपण ‘श्यामची आई’ सुटी-सुटी वाचतो. एखाददुसरी रात्र धडा म्हणून येते आणि कर्जाच्या सहा रात्री एकापाठोपाठ वाचल्याच जात नाहीत.

‘कोसला’त पैसा कमी नाही. वडील गावातले बडे शेतकरी, पैसे घरून येतात. पण येणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर वडिलांचा हक्क येतो. पांडुरंग मित्रांवर उधळतो, कुणाला नाही म्हणत नाही, वसतिगृहातली पदं मिरवतो आणि लोक त्याला लुबाडतात. हा नुसता ऐदीपणा म्हणून सोडून दिला तर विद्यार्थिनीचा राग बरोबर ठरतो. पण कार्डं क्रमानं लावली की दुसरीही गोष्ट दिसते. वडील ज्या काटेकोरपणानं पैशाकडे बघतात, त्याच्या बरोबर उलट वागण्यात या मुलाला स्वतःचं काहीतरी असल्यासारखं वाटतं. ते टिकत नाही, कारण उधळायला पैसाही वडिलांचाच लागतो. पैसे संपले की परतायला घर एकच, तेही वडिलांचंच.

म्हणजे एका घरी पैसा नाही आणि नात्याचा हिशेब कुणी मांडत नाही. दुसऱ्या घरी पैसा आहे आणि नातं हिशेबावर आलंय. श्यामला सावकाराचं देणं फेडता येत नाही, आईचं ऋण तो बेचाळीस रात्री बोलून फेडू बघतो. पांडुरंगाकडे वडिलांचं देणं फेडायला काहीच नाही. विद्यार्थिनीचा पांडुरंगावरचा राग यानंतरही गेला नाही. जायलाच हवा असंही नाही. फरक एवढा पडला की तो आता दाखवता येत होता, कार्डाच्या आकड्यासकट.

उचलीचा परिच्छेद

बत्तिसाव्या रात्रीवर लिहिताना तिनं सहा पानं उचलीवर, म्हणजे ऊसतोडीसाठी मिळणाऱ्या आगाऊ पैशांवर, लिहिली होती. मुकादम (टोळी जमवणारा) हंगामाआधी उचल देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे एकच जोडी, धरली जाते, हंगामभर ऊस तोडूनही कधी बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. सावकाराचा माणूस दारात येतो तो प्रसंग तिला पुस्तकाबाहेरूनही ठाऊक होता. आजकाल माणूस यायच्या आधी फोन येतो, एवढाच फरक.

सहा पानांचा एक परिच्छेद केला. जागा कमी म्हणून नव्हे. ती पानं एका ठिकाणी वाचन बिघडवत होती. उचलीच्या अनुभवामुळे कर्जदाराचा अपमान तिला नेमका कळला, आईचं ओटीवर येणं किती मोठं आहे तेही कळलं. पण श्यामचं घर मजुराचं घर नाही. ते खोतांचं, उतरणीला लागलेलं घराणं आहे. गावात मान होता, तो जातोय. दवंडीच्या रात्रीचं दुःख पैशाइतकंच अब्रूचं आहे, आणि ज्या घराला गावानं कधी मान दिलाच नाही त्याच्या दुःखाची जात निराळी असते. ‘श्यामची आई ही कष्टकरी आई आहे’ असं एक वाक्य तिच्या खर्ड्यात होतं. आई मरमर राबते हे खरं, तरी ते वाक्य खोडावं लागलं.

हाच धागा पंचविसाव्या रात्रीला लावला. म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते आणि मग आंघोळ करायला सांगते. खर्ड्यात या रात्रीपुढे ‘समतेचा संदेश’ असं लिहून विषय संपवला होता. मदत आणि आंघोळ दोन्ही एकाच आईच्या तोंडी आहेत, त्यातलं एक उचलून दुसरं झाकता येत नाही. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला होता. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. या दोन तारखांच्या मध्ये हे पुस्तक ठेवून वाचलं की आईची मर्यादा दिसते आणि तिच्या मुलानं पुढे ती ओलांडली हेही दिसतं. नामांतराचा लढा बघितलेल्या मराठवाड्यात या रात्रीकडे डोळेझाक करून प्रकल्प लिहिणं बरं दिसलं नसतं.

जोड्या चुकतात त्या इथं

तुलनेत माणसांच्या जोड्या लावायचा मोह होतोच : आईसमोर आई, वडिलांसमोर वडील, बहिणीसमोर बहीण. पहिल्या खर्ड्यात ‘दोन्ही माता प्रेमळ’ असं एक उपशीर्षकच होतं. ‘कोसला’त आई आहे, पण मुलाला घडवणारी किंवा अडवणारी ताकद तिच्याकडे नाही. ती वडिलांकडे आहे. तेव्हा ‘श्यामची आई’तल्या आईसमोर ‘कोसला’तले वडील ठेवायचे. नातं बघून जोडी लावू नये. पुस्तकात त्या माणसाकडे कोणतं काम आहे ते बघून लावावी. अशी जोडी लावल्यावर ‘अळणी भाजी’ची रात्रही वेगळी दिसते. स्वयंपाकात मीठ राहिलं हे आईला कळू नये म्हणून वडील मुकाट्यानं जेवतात. या पुस्तकातले वडीलसुद्धा शिकवतात ते आईच्याच रीतीनं.

मृत्यूंच्या बाबतीत चूक सूक्ष्म होती. चौथ्या रात्रीतला धाकटा भाऊ यशवंत आणि ‘कोसला’तली धाकटी बहीण मनी, दोन्ही लहान भावंडं, म्हणून तिनं त्यांची जोडी लावली. पण यशवंताचं जाणं सुरुवातीच्या रात्रींत येतं आणि पुण्यात्मा म्हणून त्याला लगेच अर्थ दिला जातो. पुस्तक त्यानं हलत नाही. मनीच्या जाण्यानं ‘कोसला’ हलते. तोवर सगळ्याची टर उडवणाऱ्या पांडुरंगाला इथं टर उडवता येत नाही. वाक्यं तुटतात, आणि ज्या मुलीचं कुणी फारसं मोजलं नव्हतं तिच्या नसण्यापुढे त्याची सगळी हुशारी उघडी पडते. हिच्यासमोर ठेवायचा तो आईचा मृत्यू, शेवटच्या दोन रात्रींसकट. एकीकडे मृत्यूनंतर स्मृतिश्राद्ध आहे, आठवण सांगण्याची रीत आहे, ऐकायला माणसं आहेत. दुसरीकडे यातलं काहीच हाताशी नाही. मनीनंतर पुस्तकात अजिंठा येतो, बुद्धाचं दुःख येतं, पण त्यानं पांडुरंगाचं सांत्वन झालं असं म्हणवत नाही. अजिंठा आपल्याकडून एका दिवसात होतो. प्रकल्पात तिथले फोटो चिकटवायची सूचना एका सहाध्यायानं केली होती, ती ऐकली नाही हे बरं झालं.

चित्रपटाचीही एक खोड आहे. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली आला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात तोच असतो. विद्यार्थिनीच्या कार्डांपैकी काही कार्डं पुस्तकातली नसून पडद्यावरची निघाली. रात्रीचा आकडा लिहिता येईना तेव्हाच ती पकडली गेली.

शेवटची मांडणी आणि मौखिकी

शीर्षक बदललं : ‘घरचे देणे आणि मुलाचे घडणे : श्यामची आई व कोसला’. प्रश्न आणि निवडीची कारणं पाच पानं, सांगण्याची तऱ्हा बारा, पैसा अठरा, मृत्यू दहा, माणसांच्या जोड्या दहा, समारोप चार. प्रकरणं एकसारख्या लांबीची करायचा हट्ट धरला नाही, पैशाचं प्रकरण सगळ्यात मोठं राहिलं. एका पुस्तकावर पाच पानं आणि मग दुसऱ्यावर पाच, अशी आलटून-पालटून मांडणीही टाळली. तशा मांडणीत तुलना वाचकालाच करावी लागते. एका मुद्द्याच्या परिच्छेदात दोन्ही पुस्तकं आलीच पाहिजेत असा नियम ठेवला, आणि जिथं दुसरं पुस्तक येईना तो मुद्दा गाळला.

परीक्षकांनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे कादंबरीपणाचा विचारला. दुसरा सॅलिंजरचा : ‘कोसला’ म्हटल्यावर ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) का घेतली नाही? तिथंही भावाचा मृत्यू आहे, शिक्षण सोडून भटकणं आहे, मोठ्यांच्या जगाची चीड आहे. उत्तर तयार होतं आणि छोटं होतं. ती तुलना अनेकांनी केली आहे. इथं प्रश्न घरच्या देण्याचा आहे, आणि परतफेड म्हणून आईची गोष्ट सांगणाऱ्या मुलाशेजारी पांडुरंगाला बसवल्याशिवाय तो प्रश्न उभाच राहत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर ती थोडी थांबली. पांडुरंग घडला की नाही? तिनं सांगितलं की सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नाही आणि पुस्तक त्याच्या वतीनं उत्तर देत नाही. श्यामच्या बाबतीत मात्र उत्तर पहिल्या रात्रीच्या आधीच ठरलेलं आहे. परीक्षकांनी यावर बराच वाद घातला. त्यांचं म्हणणं, मनीच्या मृत्यूनंतरचा पांडुरंग आधीचा राहत नाही, हीच घडण. तेही चुकीचं नाही. प्रकल्पात त्या अंगानं आणखी दोन पानं हवी होती.

गुण गेले ते दोन ठिकाणी. बोलीवर काहीच नव्हतं. एका पुस्तकाच्या भाषेत कोकण आहे आणि दुसऱ्याच्या भाषेत खानदेश, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला दोन्ही थोड्या परक्या. त्यामुळे कुठं अडखळायला होतं ते लिहिण्यासारखं होतं. दुसरी गोष्ट संदर्भांची. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं. कायद्याप्रमाणे साठ वर्षांनी, म्हणजे २०१० संपताच त्यांच्या पुस्तकांचे हक्क खुले झाले आणि ‘श्यामची आई’च्या कितीतरी आवृत्त्या बाजारात आल्या. प्रत्येकीचे पानांचे आकडे वेगळे, काही तर संक्षिप्त, आणि तसं मुखपृष्ठावर लिहिलेलं असेलच असं नाही. विद्यार्थिनीनं अर्धे पृष्ठांक ग्रंथालयातल्या प्रतीचे दिले होते आणि अर्धे बसस्थानकाजवळ घेतलेल्या स्वस्त प्रतीचे. दुरुस्त प्रतीत ‘श्यामची आई’चे सगळे संदर्भ रात्रीच्या क्रमांकानं दिले, आणि ‘कोसला’साठी भाग क्रमांक, त्यापुढे आवृत्तीचं वर्ष व पान.